भत्ता कचेरीतून मंचावर : स्लीफर्ड मॉड्स या इंग्लिश जोडीचा उदय आणि सम्यक वाचेचा प्रश्न

इंग्लंडमधल्या कष्टकरी वर्गाचा राग गेल्या दहा-बारा वर्षांत कोणत्या संगीतातून सर्वात स्पष्ट ऐकू आला, असे विचारले तर अनेक जण एकच नाव घेतील : स्लीफर्ड मॉड्स. ही दोघांची जोडी आहे. जेसन विल्यमसन शब्द लिहितो आणि म्हणतो. अँड्र्यू फर्न संगीत तयार करतो. त्यांच्याकडे गिटारवादक नाही, ढोलवादक नाही, वाद्यवृंद नाही. इलेक्ट्रॉनिक ठेका, बेसची एखादी खरखरीत ओळ आणि त्यावर एका मध्यमवयीन माणसाचे संतापलेले बोलणे, एवढीच त्यांची सामग्री.

पन्नाशीकडे झुकताना ही दोन माणसे ब्रिटनच्या पहिल्या दहा अल्बमांच्या यादीत पोहोचली. त्याआधीची अनेक वर्षे त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. मग एवढ्या उशिरा, एवढ्या तुटपुंज्या साधनांवर आणि एवढ्या शिवराळ भाषेत बोलणाऱ्यांना लोकांनी डोक्यावर का घेतले? आणि पंचशील मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी या भाषेकडे कसे पाहावे? हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून आधी ही जोडी कुठून आली ते पाहू.

ग्रँथम आणि नॉटिंगहॅम

विल्यमसनचा जन्म 1970 साली ग्रँथम या गावी झाला. इंग्लंडच्या पूर्व भागातल्या लिंकनशायर परगण्यातले हे गाव. जगाला ते माहीत आहे ते वेगळ्या कारणासाठी. मार्गारेट थॅचर यांचा जन्मही 1925 साली इथलाच. एका किराणा दुकानदाराची ही मुलगी 1979 ते 1990 अशी अकरा वर्षे ब्रिटनची पंतप्रधान होती. तिच्या काळात खाणी बंद पडल्या, कामगार संघटनांचे कंबरडे मोडले आणि सरकारी मालकीचे उद्योग खासगी हातांत गेले. ज्या गावाने थॅचर दिली, त्याच गावाने तिच्या धोरणांच्या सावलीत वाढलेला हा पोरगाही दिला.

पुढे विल्यमसन जवळच्या नॉटिंगहॅम शहरात स्थिरावला. हे शहर जुन्या कारखान्यांचे. एके काळी इथली लेस जगभर जात असे. आपल्याकडे जुन्या माणसांच्या बोलण्यात येणारी रॅले सायकल मूळची नॉटिंगहॅमचीच. प्लेअर्स सिगारेटचा कारखानाही तिथलाच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सारे आटत गेले. 2002 मध्ये रॅलेने नॉटिंगहॅममधले सायकल उत्पादन थांबवले. 2016 मध्ये सिगारेट कारखानाही बंद झाला. कारखान्याच्या पाळीवर उभे असलेले आयुष्य संपले आणि त्या जागी गोदामे, कॉल सेंटर, दुकानातली तात्पुरती नोकरी आणि बेरोजगार भत्त्याची रांग आली. विल्यमसननेही कोंबड्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यापासून दुकानापर्यंत मिळतील ती कामे केली.

जोडीच्या नावातही हाच भूगोल आहे. स्लीफर्ड हे ग्रँथमजवळचे छोटे गाव. मॉड्स म्हणजे 1960 च्या दशकातल्या ब्रिटिश तरुणांचा एक पंथ. हातात पैसा बेताचा, पण कपडे नीटनेटके, स्कूटर चकचकीत आणि कानात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे सोल संगीत. लंडनचा दिमाख नाकारून कुणाला ठाऊकही नसलेल्या गावाचे नाव आपल्या नावापुढे लावणे, ही त्यांची पहिली घोषणा म्हणता येईल.

दोन माणसे आणि एक लॅपटॉप

स्लीफर्ड मॉड्सची सुरुवात 2007 साली झाली. तेव्हा त्यात फर्न नव्हता. त्याआधी विल्यमसनने अनेक बँडमध्ये गाऊन पाहिले होते आणि कुठेही जम बसला नव्हता. मग सायमन पार्फ्रमेंट या मित्राच्या मदतीने त्याने एक वेगळा प्रयोग केला. दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणातला एखादा तुकडा घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा वाजत ठेवायचा आणि त्यावर गाण्याऐवजी आपल्या रोजच्या भाषेत बोलायचे. बँड जमवण्याची गरज उरली नाही, स्टुडिओचे मोठे बिल उरले नाही.

ही पद्धत आली कुठून? हिपहॉपमधून. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 1970 च्या दशकात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांनी ती घडवली. वाद्ये परवडत नव्हती, तेव्हा त्यांनी रेकॉर्ड प्लेअरलाच वाद्य केले. आपल्यावर वू-टँग क्लॅन या अमेरिकन रॅप समूहाचा मोठा प्रभाव असल्याचे विल्यमसन मोकळेपणाने सांगतो. ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. इंग्लंडमधल्या गोऱ्या कामगाराला स्वतःचा आवाज सापडला तो कृष्णवर्णीय वस्तीत घडलेल्या हत्याराच्या आधाराने. शोषितांची साधने अशी एका देशातून दुसऱ्या देशात, एका वर्णातून दुसऱ्या वर्णात जातात.

फर्नची गाठ पडल्यावर या प्रयोगाला खरे रूप आले. फर्न स्वतः इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा. दुसऱ्यांचे तुकडे वापरण्याऐवजी तो नवे ठेके तयार करू लागला. 2012 पासून ही जोडी पक्की झाली. फर्नची रचना अगदी साधी असते. ड्रम मशीनचा कोरडा ठेका, बेसच्या चार-सहा स्वरांची ओळ, मधूनच एखादा कीबोर्डचा सूर. ती ओळ गाणे संपेपर्यंत फिरत राहते. ऐकणाऱ्याचे लक्ष शब्दांवरून हलूच नये, अशी ही मांडणी आहे. रॉकमधला आक्रमकपणा त्यात आहे, पण तो गिटारमधून येत नाही, फिरत राहणाऱ्या ठेक्यातून आणि आवाजातून येतो.

मंचावरचे दृश्य तर सुरुवातीला अनेकांना चेष्टाच वाटली. फर्न लॅपटॉपचे एक बटण दाबतो आणि मग बाटली हातात घेऊन, मान डोलवत उभा राहतो. गाणे संपले की पुढचे बटण. विल्यमसन माईकपाशी घाम गाळत, मान झटकत, थुंकी उडवत बोलत असतो. काही जण विचारत, दुसरा माणूस करतो तरी काय? उत्तर सोपे आहे. त्याचे काम आधीच झालेले असते. खोटे वादन करून दाखवण्यापेक्षा काहीच न करता उभे राहणे त्याला अधिक प्रामाणिक वाटते. गेल्या काही वर्षांत तो मंचावर मनसोक्त नाचूही लागला आहे.

काटकसरीची वर्षे

हे सारे लोकांपर्यंत पोहोचले ते एका विशिष्ट काळात. तो काळ समजल्याशिवाय या जोडीचा उदय समजत नाही.

2008 च्या जागतिक आर्थिक संकटात ब्रिटनने बुडणाऱ्या बँका सरकारी पैशाने वाचवल्या. मे 2010 मध्ये डेव्हिड कॅमेरॉन यांचे आघाडी सरकार आले आणि त्याने खर्चकपातीचे धोरण हाती घेतले. त्याला नाव मिळाले ऑस्टेरिटी, म्हणजे काटकसर. जानेवारी 2011 मध्ये मूल्यवर्धित कर 20 टक्क्यांवर गेला. हा कर गरीब आणि श्रीमंत दोघांनाही सारखाच लागतो, म्हणून गरिबाला अधिक झोंबतो. 2012 मध्ये इंग्लंडमधल्या विद्यापीठांना वर्षाला 9,000 पौंडांपर्यंत शुल्क आकारण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी भत्त्यांमध्ये मोठे फेरबदल करणारा कायदा झाला.

एप्रिल 2013 मधल्या दोन निर्णयांची जोडी तर बोलकी आहे. सामाजिक घरात राहणाऱ्या आणि सरकारी हिशेबाने एक खोली जास्त असणाऱ्या कुटुंबाचा घरभत्ता 14 टक्क्यांनी कापला गेला. दोन किंवा अधिक खोल्या जास्त असतील तर 25 टक्क्यांनी. आणि त्याच महिन्यात सर्वाधिक कमावणाऱ्यांवरचा प्राप्तिकर 50 वरून 45 टक्क्यांवर आला. खालच्याचे कापले, वरच्याला सोडले.

सरकारी भाषा मात्र किती सभ्य होती ते पाहा. घरभत्त्यातल्या कपातीला सरकारने जास्तीच्या खोलीवरचे अनुदान काढून घेणे, असे नाव दिले. लोकांनी तिला बेडरूम टॅक्स म्हटले. कामाच्या शोधात कसूर केली म्हणून बेरोजगाराचा भत्ता थांबवण्याला शासकीय शब्द होता सँक्शन. घरात चूल पेटणार नाही, हा त्याचा खरा अर्थ. शब्द गुळगुळीत, परिणाम धारदार. अन्याय नेहमी शिवी देऊन येतो असे नाही. पुष्कळदा तो नम्र पत्राच्या शेवटी सही करून येतो. हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

विल्यमसन हे सगळे लांबून पाहत नव्हता. त्या काळात तो नॉटिंगहॅमजवळच्या ब्रॉक्सटो परिषदेत भत्त्यांविषयी सल्ला देणारा कर्मचारी होता. ज्यांचा पैसा कापला गेला, त्यांचे प्रश्न त्याच्या टेबलावर येत. तो स्वतःही बेरोजगारीतून गेलेला होता. म्हणजे त्याला खिडकीच्या दोन्ही बाजू माहीत होत्या. दिवसा परिषदेची नोकरी आणि उरलेल्या वेळात गाणी, असा त्याचा क्रम होता.

जॉबसीकर हे त्याचे गाजलेले गाणे याच खिडकीवरचे आहे. काम शोधण्यासाठी काय प्रयत्न केले, असे अधिकारी विचारतो आणि समोरचा माणूस त्याला पार उलटून बोलतो. दर पंधरवड्याला सही करायला जाणाऱ्या, खाली मान घालून उत्तरे देणाऱ्या कितीतरी लोकांच्या मनात जे होते आणि तोंडावर येऊ शकत नव्हते, ते या गाण्यात मोठ्याने म्हटले गेले.

वर चढण्याचा मार्ग

2013 मध्ये ऑस्टेरिटी डॉग्ज हा अल्बम आला. नावातच काळाचा शिक्का होता. तो काढला हार्बिंजर साउंड या छोट्या कंपनीने. ती चालवणारा स्टीव्ह अंडरवुड नॉटिंगहॅममध्ये बसचालक होता. तोच जोडीचा व्यवस्थापक झाला. परिषदेचा कर्मचारी, बसचालक आणि घरात बसून ठेके बनवणारा एक माणूस, अशा तिघांनी हा गाडा ओढायला सुरुवात केली. लंडनमधल्या कुणा बड्या कंपनीने त्यांना शोधून काढले नव्हते.

2014 मध्ये डिव्हाइड अँड एक्झिट आला आणि संगीत समीक्षकांनी त्याची ठळक दखल घेतली. त्याच वर्षी विल्यमसनने परिषदेची नोकरी सोडली. तेव्हा तो चव्वेचाळिशीला आला होता. 2015 मध्ये द प्रॉडिजी या मोठ्या बँडच्या एका गाण्यात त्याचा आवाज होता. त्याच साली जोडीने ग्लास्टनबरी महोत्सवात कार्यक्रम केला आणि की मार्केट्स हा अल्बम काढला. हे नाव ग्रँथममधल्या एका जुन्या सुपरमार्केटचे, जिथे लहानपणी आई त्याला घेऊन जात असे. त्यांच्या दौऱ्याबरोबर खर्चकपातीने पिचलेल्या वस्त्यांचे हाल दाखवणारा इनव्हिजिबल ब्रिटन हा माहितीपटही 2015 चाच. 2017 मध्ये ख्रिस्तीने फ्रान्झ या जर्मन दिग्दर्शिकेने त्यांच्यावर बंच ऑफ कुन्स्ट हा माहितीपट केला.

2017 मध्येच रफ ट्रेड या नामांकित स्वतंत्र कंपनीने त्यांचा इंग्लिश तापास काढला. तापास म्हणजे स्पेनमधले चटकमटक पदार्थ. फर्नला एका पबच्या फलकावर इंग्लिश तापास म्हणून अर्धे स्कॉच एग, वाटीभर चिप्स, लोणचे आणि छोटा पोर्क पाय असे लिहिलेले दिसले. वरून परदेशी ऐट आणि आत तीच जुनी स्वस्त थाळी. देशाची अवस्था सांगायला त्यांना याहून चांगले नाव सापडले नसते.

2019 चा ईटन अलाइव्ह त्यांनी स्वतःची कंपनी काढून प्रसिद्ध केला. ईटन ही धनिकांच्या मुलांची शाळा. कॅमेरॉन आणि बोरिस जॉन्सन दोघेही तिथलेच. शब्द उच्चारला तर जिवंत खाल्ले गेले, असाही अर्थ निघतो. हा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत गेला. 2021 चा स्पेअर रिब्ज चौथ्या क्रमांकावर पोहोचला. एखादी बरगडी नसली तरी शरीर चालते, तशी महामारीच्या काळात सरकारला सामान्य माणसे वाटली, असा त्या नावामागचा रोख होता. 2023 चा यूके ग्रिम तिसऱ्या क्रमांकावर गेला.

या चढणीत एक गोष्ट ठळक आहे. प्रत्येक पायरीवर त्यांनी बोलण्याचा विषय तोच ठेवला : पगार, भाडे, पब, शौचालय, बस, साहेब, सरकार. मोठ्या मंचासाठी भाषा घासूनपुसून घेतली नाही.

बोली कोणाची, अनुभव कोणाचा

ब्रिटनमध्ये उच्चार हा वर्गाचा दाखला असतो. माणूस तोंड उघडतो आणि त्याची शाळा, त्याचा मोहल्ला, त्याच्या बापाचा धंदा समोरच्याला कळतो. त्यामुळे अनेक ब्रिटिश रॉक गायक गाताना अमेरिकी उच्चार घेत आले. विल्यमसन मात्र ईस्ट मिडलंड्समधली आपली बोली तशीच वापरतो. अक्षरे गिळतो, स्वर ताणतो, तिथल्या म्हणी आणि टोमणे समजावून न सांगता पेरतो. ऐकणारा लंडनचा असला तरी त्यालाच कान ताणावे लागतात. शुद्ध-अशुद्धाच्या नावाखाली ज्यांच्या बोलण्याला वर्गात हसले गेले, त्यांना या कृतीचे मोल लगेच कळेल.

याच मुद्द्यावर 2019 मध्ये एक वाद झाला. आयडल्स या ब्रिस्टलच्या बँडवर विल्यमसनने टीका केली. कष्टकरी वर्गाचा आवाज ते उसना घेतात, असा त्याचा आरोप होता. आरोप योग्य होता की नाही, यावर इंग्लंडमध्ये दोन मते आहेत. दुसऱ्याच्या दुःखाविषयी कळवळ्याने बोलणारा माणूस शत्रू नसतो. पण स्वानुभूती आणि सहानुभूती यांतला फरक दलित साहित्याने आपल्याला शिकवला आहे. सहानुभूतीने लिहिलेले चांगले असू शकते. प्रश्न उभा राहतो तो मंच, पैसा आणि मान कुणाला मिळतो, इथे. विल्यमसनचा राग त्या जागेचा होता.

शिव्यांचे काय करायचे?

आता अवघड प्रश्न. या जोडीच्या गाण्यांत शिव्यांचा खच असतो. घरात मोठ्यांसमोर लावता येतील अशी गाणी थोडीच. पंचशील घेणाऱ्या माणसाने यावर काय म्हणावे?

अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर वचन बोलू नये, निरर्थक बडबड करू नये, हे आपण विहारात ऐकतो. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात बाबासाहेबांनीही सम्यक वाचा समजावताना रागाची आणि शिवीगाळीची भाषा टाळायला सांगितले आहे. या कसोटीवर स्लीफर्ड मॉड्स नापास होतात. ते झाकण्यात अर्थ नाही. 2016 मध्ये एका खासदाराला समाजमाध्यमावर शिवी दिली म्हणून मजूर पक्षाने विल्यमसनचे सदस्यत्व स्थगित केले होते. त्या शिवीने कुणाचे भले झाले नाही.

पण बाबासाहेब तिथेच थांबत नाहीत. सम्यक वाचा भीतीपोटी किंवा मर्जी राखण्यासाठी पाळायची नसते, असेही ते त्याच ठिकाणी सांगतात. वरिष्ठाला काय वाटेल, बोलल्याने आपले किती नुकसान होईल, याचा हिशेब तिच्यात असू नये. ही बाजू आपण अनेकदा विसरतो. सम्यक वाचा म्हणजे गोड बोलणे, असा सोयीचा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. शोषकाला तर हा अर्थ फारच आवडतो. अन्याय झालेला माणूस ओरडला की त्याला भाषा सांभाळायला सांगितले जाते. अन्याय करणाऱ्याला मात्र कुणी तसे सांगत नाही, कारण त्याची भाषा आधीच सांभाळलेली असते.

मज्झिम निकायातल्या अभयराजकुमार सुत्तात तथागतांना नेमका हाच प्रश्न विचारला गेला आहे. दुसऱ्याला न आवडणारे शब्द तथागत बोलतील का? तेव्हा राजकुमाराच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. तथागत त्यालाच विचारतात, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर काय कराल? राजकुमार म्हणतो, बोट घालून तो काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया येते. मग तथागत सांगतात की खोटे आणि अहितकारक शब्द ते बोलत नाहीत. जे खरे आहे, हिताचे आहे, पण ऐकणाऱ्याला अप्रिय आहे, ते योग्य वेळ पाहून बोलतात. म्हणजे कसोटी अशी : ते खरे आहे का, हिताचे आहे का, वेळ योग्य आहे का. आणि या साऱ्यामागे करुणा आहे का.

ही कसोटी स्लीफर्ड मॉड्सला लावू. खरे? भत्त्याच्या कचेरीतून, गोदामातून आणि रांगेतून आलेले ते बोलणे बहुतांशी खरे होते. वेळ? एप्रिल 2013 च्या कपातीच्या वर्षीच ऑस्टेरिटी डॉग्ज आला, याहून योग्य वेळ कोणती असणार! हित? आपली लाज ही आपली एकट्याची नाही, ती धोरणातून आली आहे, हे हजारो ऐकणाऱ्यांना कळले असेल तर ते हितच. करुणेचा प्रश्न मात्र उघडा राहतो. काही गाण्यांत ती स्पष्ट दिसते. फिशकेक्स या गाण्यात लहानपणाच्या गरिबीची आठवण आहे आणि तिथे आवाज मऊ होतो. काही गाण्यांत मात्र राग हाच मुक्काम होऊन बसतो. खडा काढायला गेलेले बोट तिथे नुसतेच ओरखडा काढून परतते.

यशानंतरची परीक्षा

गरिबीविषयी बोलून माणूस श्रीमंत झाला की काय होते, ही परीक्षा प्रत्येक चळवळीतल्या कलावंताला द्यावी लागते. आता आपले हाल पूर्वीसारखे नाहीत, हे विल्यमसन मुलाखतींतून मान्य करतो. जुन्या हालांचे सोंग तो करत नाही, ही जमेची बाजू.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. दारू आणि कोकेनच्या व्यसनात त्याची बरीच वर्षे गेली. यश मिळू लागल्यावर, साधारण 2016 च्या सुमारास, त्याने दोन्ही सोडले आणि त्याविषयी तो उघडपणे बोलतो. रॉक संगीतात नशा हा बंडखोरीचा दागिना मानला जातो. ज्या वस्त्यांत ती नशा घरे उद्ध्वस्त करते, तिथे तिला बंड कोणी म्हणत नाही. पाचवे शील आपल्याला हेच सांगते : मन धुंद असेल तर बाकीची चार शीलेही हातातून सुटतात. नशा सोडल्यावर त्याची धार बोथट झाली नाही. सर्वाधिक विकले गेलेले अल्बम त्यानंतरचे आहेत.

नोव्हेंबर 2023 मध्ये माद्रिदच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतून पॅलेस्टिनी रुमाल मंचावर फेकला गेला, तेव्हा जोडी कार्यक्रम थांबवून निघून गेली. आपण गायक आहोत, त्या विषयाची पुरेशी जाण आपल्याला नाही, अशी विल्यमसनची भूमिका होती. अनेक चाहते दुखावले. आपल्या देशातल्या अन्यायावर आग ओकणारा माणूस दुसरीकडच्या अन्यायावर गप्प कसा, असे त्यांनी विचारले. न समजलेल्या विषयावर न बोलणे हाही वाचेचा संयम आहे. पण मंच सोडून जाणे म्हणजे संयम नव्हे, असे म्हणायलाही जागा आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी आणखी एक गोष्ट केली. पेट शॉप बॉइज या जुन्या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक जोडीचे वेस्ट एंड गर्ल्स हे गाणे जानेवारी 1986 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. ते स्लीफर्ड मॉड्सनी नव्याने केले आणि त्याची कमाई शेल्टर या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिली. पेट शॉप बॉइजनीही त्यात साथ दिली. दोन पिढ्यांच्या दोन जोड्या, एक चकचकीत आणि एक खरखरीत, छप्पर नसलेल्यांसाठी एकत्र आल्या.

आपण काय घ्यायचे?

आपल्या वस्त्यांतली अनेक मुले आज मोबाईलवर ठेके तयार करत आहेत, रॅप लिहीत आहेत. त्यांच्यासाठी या जोडीच्या वाटचालीत उपयोगाचे बरेच आहे. महाग वाद्यांची वाट पाहायची गरज नाही. घरची बोली लपवायची गरज नाही. चाळिशी ओलांडली म्हणून दार बंद होत नाही. कंपनी येईपर्यंत थांबायचे नाही, शेजारचा बसचालकही प्रकाशक होऊ शकतो. आणि जे काम करतो, जिथे राहतो, त्यातले बारीकसारीक तपशील हेच गाण्याचे खरे भांडवल आहे.

शिवी मात्र उचलायची गरज नाही. नक्कल करायला ती सर्वात सोपी असते, म्हणून नवखे आधी तीच उचलतात. या जोडीला लोकांनी ऐकले ते शिवीमुळे नव्हे. शिव्या देणारे तर प्रत्येक पबमध्ये होते. भत्त्याच्या खिडकीमागे काय चालते ते या माणसाला माहीत होते आणि सांगायला तो घाबरला नाही, म्हणून लोकांनी ऐकले. भीती नाही, मर्जी नाही, नुकसानीचा हिशेब नाही : सम्यक वाचेचा हा अर्धा भाग त्याने पाळला. उरलेला अर्धा, म्हणजे करुणा आणि संयम, आपल्या मुलांना विहारात आणि घरात मिळू शकतो. दोन्ही भाग ज्याच्याकडे असतील, त्याच्या गाण्याला आपण आधी दाद देऊ आणि मग ते इतरांना ऐकवू.